अमेरिकेत पोर घरी शिकतं अन् पुस्तकांचे पैसे सरकार देतं. ही योजना नेमकी आहे तरी काय?

सांगोला, तालुका प्रतिनिधी : गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला डाळिंबाच्या बागेतनं बोलावून घेतलं. ओसरीवर बसले होते, चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताईनं पोराचं नाव शाळेतनं काढलंय म्हणं. घरीच शिकवत्यात. नापास झालं व्हय रं ते?"

ताई म्हणजे तात्यांची मुलगी, माझी चुलत बहीण. नवऱ्याच्या नोकरीमुळं ती अमेरिकेत, अॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ राहते. मुलगा दहा वर्षांचा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं, त्यामुळं रात्री आठ वाजता फोन लावला तेव्हा त्यांची सकाळची न्याहारी चालली होती.

ताई हसली. म्हणाली, "नापास कशाला होतोय? गणितात वर्गाच्या पुढं गेलाय अन् वाचनात मागं पडलाय. शाळेला एकाच वेळी दोन्ही सांभाळणं जमेना, म्हणून वर्षभर घरी घेतलाय. अन् दादा, पुस्तकांचे, शिकवणीचे पैसे इथलं राज्य सरकार देतं."

तात्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी पारावर विषय निघाला तर कुणाचाच बसला नाही. "शाळा सोडल्यावर सरकार पैसे देतं? आपल्याकडं शाळेत गेल्यावरबी शिष्यवृत्ती वेळंवर येत न्हाई," असं एक जण म्हणाला अन् सगळे हसले.

पण गोष्ट खरी आहे. आपल्या तालुक्यातली अनेक मुलं-मुली आज अमेरिकेत आहेत, त्यांची मुलं तिकडच्या शाळेत आहेत. काहींच्या घरी हा विषय निघाला असेल, नसेल तर निघेल. म्हणून ही योजना काय, पैसे कसे मिळतात, त्या बदल्यात काय सोडावं लागतं आणि आपल्याशी तिचा काय संबंध, हे नीट समजून घेतलेलं बरं. ताईचं एक वाक्य मात्र आधीच सांगून ठेवतो : "पैसे मिळतात हे खरं, पण फुकट नाही मिळत."

कल्पना जुनी, खातं नवं

अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते. ती चालते स्थानिक कर आणि राज्याच्या पैशावर, आणि राज्याचा पैसा येतो मुलांच्या संख्येवर. आपल्या भाषेत सांगायचं तर पटावर.

1955 साली मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. सरकारनं शिक्षणाचा खर्च करावा, पण शाळा सरकारनंच चालवली पाहिजे असं नाही. पैसा पालकाच्या हातात द्यावा आणि शाळा त्यानं निवडावी, असा त्याचा मुद्दा. 1990 मध्ये मिलवॉकी शहरात त्यावर पहिली मोठी योजना सुरू झाली. गरीब घरातल्या मुलांना खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी 'व्हाउचर' मिळू लागलं.

अॅरिझोनानंही तसं व्हाउचर आणलं, पण 2009 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. राज्याच्या घटनेत खासगी आणि धार्मिक शाळांना सरकारी मदत द्यायला मनाई आहे, आणि व्हाउचरचा पैसा तर थेट तिकडंच जात होता. मग 2011 मध्ये वेगळी युक्ती निघाली. पैसा शाळेला द्यायचाच नाही. मुलाच्या नावानं खातं काढायचं, त्यात रक्कम टाकायची. पालकानं त्यातनं फी भरावी, शिकवणी लावावी, पुस्तकं घ्यावीत, नाहीतर ऑनलाइन वर्ग लावावा. निवड पालकाची, म्हणजे सरकारनं कुठल्या शाळेला मदत केली असं होत नाही. 2013 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ही मांडणी मान्य केली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. घरी शिकवायच्या पुस्तकांना सरकारी पैसा मिळायला लागला तो घरी शिकवणाऱ्यांची दया आली म्हणून नाही. कायद्यात टिकेल अशी योजना करताना खर्चाच्या जास्त वाटा ठेवाव्या लागल्या, त्यातली ही एक वाट.

सुरुवातीला ही खाती फक्त अपंग मुलांसाठी होती. मग हळूहळू इतर गट आले. 2018 मध्ये ती सगळ्यांना खुली करायचा प्रस्ताव जनमताला गेला, तेव्हा जवळजवळ 65 टक्के मतदारांनी तो फेटाळला. तरी 2022 मध्ये राज्यपाल डग ड्यूसी यांच्या काळात विधिमंडळानं कायदा करून ती राज्यातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे 11 लाख मुलांना खुली केली. त्याआधी या योजनेत 12 हजारांच्या आसपास मुलं होती. दोन वर्षांत आकडा 75 हजारांच्या वर गेला.

ठिबकच्या अनुदानासारखंच

"म्हणजे खात्यावर पैसे येतात अन् ते काढायचे?" मी ताईला विचारलं. तिनं जी पद्धत सांगितली ती ऐकून मला आपलं ठिबकचं अनुदानच आठवलं.

आपण महाडीबीटीवर अर्ज करतो. पूर्वसंमती येते. मग नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडनंच संच घ्यायचा, जीएसटीचं बिल घ्यायचं, ते अपलोड करायचं. मोका तपासणी होते, मग आधार जोडलेल्या खात्यावर अनुदान. एका वर्षी मी बिलावरचा गट नंबर न बघता बिल चढवलं आणि फाईल अडकून बसली. चूक माझीच होती, पण उन्हाळा गेला.

तिकडं बरंचसं असंच आहे. साध्या मुलाला वर्षाला साधारण 7 हजार डॉलर मिळतात, म्हणजे आपले 6 लाख रुपये धरा. अपंगत्व असेल तर रक्कम बरीच वाढते. पैसे एकदम येत नाहीत, तिमाहीनं येतात. ते घरच्या बँक खात्यात पडत नाहीत. 'क्लासवॉलेट' नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा दिसतात. त्याच ठिकाणी विक्रेत्यांचा बाजार आहे. तिथं पुस्तकांचा संच निवडायचा आणि मागणी टाकायची. ती मंजूर झाली की पैसे थेट विक्रेत्याला. दुसरी वाट म्हणजे आधी आपल्या खिशातनं खर्च करायचा, पावती चढवायची आणि नंतर परतावा घ्यायचा.

ताई म्हणाली, दुसऱ्या वाटेत धीर लागतो. मधल्या काळात राज्याच्या शिक्षण खात्याकडं हजारो मागण्या तुंबल्या होत्या. 2024 च्या अखेरीला खात्यानं ठरवलं की 2 हजार डॉलरच्या आतल्या मागण्या आधी मंजूर करायच्या आणि नंतर त्यांची तपासणी करायची. म्हणजे पैसे लवकर मिळाले, पण पावतीची जबाबदारी संपली नाही. उद्या तपासणीत खर्च नियमात बसला नाही असं निघालं तर पैसे परत भरावे लागतात, खातंही गोठवलं जाऊ शकतं.

आणखी एक. आई-बापानं स्वतः शिकवलं म्हणून त्या पैशातनं स्वतःला पगार घेता येत नाही. ताईनं नोकरी अर्धवेळ केली आहे. "पुस्तकांचे पैसे सरकार देतं, माझा अर्धा पगार कोण देणार? ही योजना स्वस्त वाटते ती हा हिशेब न धरल्यामुळं," असं ती म्हणाली.

अभ्यासक्रम विकत घ्यायचा म्हणजे काय?

आपल्याला हे चटकन कळत नाही, कारण आपल्याकडं बालभारती आहे. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट मिळतात. सांगोल्यात असो की गडचिरोलीत, पाचवीच्या गणिताचं पुस्तक एकच.

अमेरिकेत तसं देशाचं एक पुस्तक नाही. काय शिकवायचं याची चौकट प्रत्येक राज्य ठरवतं आणि पुस्तकं खासगी प्रकाशक काढतात. घरी शिकवणाऱ्यांसाठी तर मोठा बाजारच आहे. एका इयत्तेचा संच घेतला की त्यात मुलाचं पुस्तक, सरावाची वही, चाचण्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणाऱ्यासाठी मार्गदर्शिका येते. आज कुठला धडा, काय विचारायचं, चूक झाली तर कुठं मागं जायचं, हे सगळं त्यात दिवसवार लिहिलेलं असतं.

ताईनं गणितासाठी 'सिंगापूर मॅथ' घेतलं. सिंगापूर देशातल्या शाळांत ज्या पद्धतीनं गणित शिकवतात त्यावर हे बेतलेलं आहे. आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे. वाचनासाठी वेगळा संच आणि आठवड्यातनं दोनदा एक शिक्षिका. विज्ञानासाठी संच आणि त्यासोबत एक सूक्ष्मदर्शक. कुणी 'सॅक्सन मॅथ' घेतात, त्यात रोज थोडं नवं आणि बरंच जुनं फिरून फिरून येतं. कुणी धार्मिक प्रकाशकांची पुस्तकं घेतात. निवड पालकाची असल्यामुळं अॅरिझोनात तेही चालतं. सगळंच विकत घ्यावं लागतं असं नाही. खान अकॅडमीचे धडे फुकट आहेत, गावातली वाचनालयं फुकट आहेत.

सूक्ष्मदर्शकावरनं थोडं अडलं. विज्ञानाच्या कुठल्या धड्याला तो लागतो ते पान जोडून दाखवावं लागलं. 2024 च्या उन्हाळ्यात राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयानं शिक्षण खात्याला विचारलं होतं की पूरक साहित्य मंजूर करताना ते कुठल्या अभ्यासक्रमाला लागतं हे तुम्ही बघता का? त्यानंतर खात्यानं अभ्यासक्रमाचा कागद मागायला सुरुवात केली. पालक चिडले. पेन्सिल-खोडरबरलाही कारण द्यायचं का, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं.

पालकांचा राग समजण्यासारखा आहे. पण खात्याची बाजूही पोकळ नाही, ती पुढं बघू.

सही करताना काय सोडलं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि जाहिरातीत तो शेवटी असतो.

पैसे घ्यायचे तर पालकाला राज्याशी करार करावा लागतो. त्यात लिहिलेलं असतं की मुलाला वाचन, व्याकरण, गणित, सामाजिक शास्त्र आणि विज्ञान शिकवू. आणि हेही लिहिलेलं असतं की सरकारी शाळेची आता आमच्या मुलाला शिकवायची जबाबदारी राहिली नाही. एका मुलाला खातंही आणि सरकारी शाळेतली पूर्ण वेळ जागाही, असं चालत नाही. करार मोडून परत शाळेत जाता येतं, दार बंद होत नाही. पण करार असेपर्यंत हक्क बाजूला ठेवलेला असतो.

अपंग मुलाच्या बाबतीत ही गोष्ट जास्त जड आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं सरकारी शाळेला अपंग मुलासाठी वेगळी योजना करून, लागेल ती मदत देऊन फुकट शिकवावंच लागतं. पालक नाखूष असेल तर तो शाळेशी भांडू शकतो, दाद मागू शकतो. खातं घेतलं की तो भांडायचा हक्क सुटतो. हातात रक्कम जास्त येते, पण पाठीशी कायदा राहत नाही.

आता एक गोंधळ दूर करतो. घरी शिकवणं अमेरिकेत पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, आणि त्यासाठी ही योजना घ्यावीच लागते असं अजिबात नाही. अॅरिझोनात जे पालक सरकारचा पैसा न घेता घरी शिकवतात ते काउंटीच्या शाळा अधीक्षकाकडं एक शपथपत्र देतात आणि मोकळे होतात. त्यांना 'होमस्कूल' म्हणतात. खातं घेणाऱ्यांचा कागद वेगळा, करार वेगळा. दोघांचीही मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच शिकतात, पण कायद्याच्या नजरेत ते दोन वेगळे गट आहेत.

यामुळंच घरी शिकवणाऱ्या जुन्या लोकांतले बरेच जण या पैशाच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे : आज पैसा आला, उद्या तपासनीस येईल, परवा कुठलं पुस्तक शिकवायचं ते सांगेल. घरी शिकवण्याच्या हक्कासाठी 1983 पासून काम करणारी तिथली मोठी संघटनाही या बाबतीत सावध राहायला सांगते. आपल्याकडं सहकारी संस्थेत सरकारी भागभांडवल आलं की मागनं काय काय येतं हे बघितलेल्या माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

राज्य बदललं की नियम बदलला

तुमचे नातेवाईक दुसऱ्या राज्यात असतील तर अॅरिझोनाचा नियम तिथं लागू नाही.

फ्लोरिडानं 2023 मध्ये योजना सगळ्यांना खुली केली. घरी शिकणाऱ्यांसाठी तिथं वेगळा प्रकार काढला. रक्कम साधारण 8 हजार डॉलर, ती सरकार थेट न वाटता 'स्टेप अप फॉर स्टुडंट्स' सारख्या संस्थांमार्फत जाते. पहिल्या वर्षी 20 हजार मुलांची मर्यादा होती, पुढं दरवर्षी 40 हजारांनी वाढवायचं ठरलं. पण तिथं मुलाच्या शिक्षणाचा आराखडा द्यावा लागतो आणि वर्षातनं एकदा ठरलेल्या प्रकारची चाचणी द्यावी लागते. अॅरिझोनात अशी चाचणी सक्तीची नाही.

आयोवा राज्यात 2023 मध्येच खाती सुरू झाली, पण ती फक्त मान्यताप्राप्त खासगी शाळेत जाणाऱ्यांना. घरी शिकवणाऱ्याला एक डॉलर नाही.

टेक्सासमध्ये आपली मराठी माणसं भरपूर आहेत. तिथं 2025 मध्ये कायदा झाला, 100 कोटी डॉलरची तरतूद झाली आणि 2026-27 या शालेय वर्षापासून पैसे द्यायचं ठरलं. खासगी शाळेतल्या मुलाला सुमारे 10 हजार डॉलर, घरी शिकणाऱ्याला मात्र फार तर 2 हजार.

म्हणजे एकाच देशात घरी शिकणाऱ्याला कुठं 7-8 हजार, कुठं 2 हजार, कुठं काहीच नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला एका राज्याचा व्हिडिओ बघून दुसऱ्या राज्यात शाळेतनं नाव काढलं, तर पोराचं वर्ष जाईल.

लेगो, स्कीचा पास आणि नसलेली पोरं

आता खात्याची बाजू. अॅरिझोनात योजना खुली झाल्यावर वर्तमानपत्रांनी खर्चाच्या याद्या काढल्या. त्यात लेगोचे महागडे संच निघाले, बर्फावर घसरायच्या मैदानाचे पास निघाले, नदीत वल्हवायच्या होड्या निघाल्या. पालकांचं उत्तर असं की सरकारी शाळाही खेळाचं साहित्य घेतात, सहलीला नेतात, मग आम्हीच काय पाप केलं? उत्तरात तथ्य आहे. पण शाळा जे घेते ते शंभर पोरं वापरतात आणि शाळेतच राहतं, हेही खरं आहे.

यापेक्षा गंभीर प्रकार फेब्रुवारी 2024 मध्ये बाहेर आला. पाच जणांवर आरोप ठेवले गेले. त्यातले तीन जण शिक्षण खात्यातलेच माजी कर्मचारी. आरोप असा की अस्तित्वातच नसलेल्या मुलांच्या नावानं खोटे दाखले जोडून खाती काढली आणि 6 लाख डॉलरहून जास्त रक्कम काढून घेतली.

बोगस पट आपल्याला नवा नाही. 2011 मध्ये आपल्या राज्यात पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची किती पोरं जागेवर नव्हती, हे सगळ्यांनी बघितलं. पैसा शाळेमार्फत जावो की खात्यामार्फत, मोजायला माणूस नसला की पोरं कागदावर जन्माला येतात. फरक इतकाच, की शाळेत जाऊन डोकी मोजता येतात. हजारो घरांत जाऊन कोण मोजणार?

मागं राहिलेल्या शाळेचं काय?

योजनेच्या बाजूचे म्हणतात, पैसा मुलाचा आहे, तो मुलामागं जावा. विरोधातले म्हणतात, मूल गेलं की पैसा जातो, पण शाळेची बस तेवढीच लांब जाते, छप्पर तेवढंच राहतं, शिक्षकाचा पगार तेवढाच राहतो.

अॅरिझोनात आणखी एक गोष्ट झाली. योजना खुली झाल्यावर सुरुवातीला अर्ज केलेल्यांतली बहुतेक मुलं आधी सरकारी शाळेत नव्हतीच. ती खासगी शाळेत होती किंवा घरीच शिकत होती. म्हणजे सरकारी शाळेचा खर्च कमी न होता नवा खर्च अंगावर आला. आता हा खर्च वर्षाला 70 कोटी डॉलरच्या पुढं गेला आहे. ड्यूसी यांच्यानंतर राज्यपाल झालेल्या केटी हॉब्स यांनी यावर सतत टीका केली, मर्यादा घालायची मागणी केली, पण विधिमंडळात ती मंजूर झाली नाही.

खेड्यातली गोष्ट तर अजून वेगळी. निवड आहे म्हणायला शेजारी दुसरी शाळा तर पाहिजे. मोठ्या शहरात दहा खासगी शाळा असतात. वाळवंटातल्या गावात एकच सरकारी शाळा असते. तिथल्या पालकाला खातं मिळालं तर त्याचा उपयोग घरच्या अभ्यासक्रमावर किंवा ऑनलाइन वर्गावरच होतो, आणि त्यासाठी घरात शिकलेलं, वेळ असलेलं माणूस लागतं. ज्याच्या घरी दोघंही कामाला जातात त्याच्या मुलाला मागं राहिलेली शाळाच उरते, आणि ती आणखी कमी पटाची झालेली असते.

आपल्याकडं काय आहे?

आपल्याकडं अशी खाती नाहीत. पण 'सरकारी पैसा, खासगी शाळा' हा प्रकार आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे : आरटीईचे 25 टक्के. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांसाठी राखीव आहेत. सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं. आपल्या राज्यात ती मुलामागं वर्षाला 17 हजार 670 रुपये ठरलेली आहे, आणि ती वेळेवर येत नाही अशी शाळांची कायमची तक्रार.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट लागू नाही, असा तो बदल. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये तो रद्द केला. म्हणजे पैसा मुलामागं जावा की जवळच्या सरकारी शाळेतच राहावा, हा वाद फक्त अमेरिकेतला नाही.

घरी शिकवण्याबद्दल आपला कायदा गप्प आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, पण न घातल्यास शिक्षा त्या कायद्यात नाही. पुस्तकांना पैसा मात्र कुठलाच नाही. आपल्याकडं शाळेबाहेर शिकणाऱ्याचा ओळखीचा रस्ता म्हणजे 17 नंबरचा फॉर्म. दहावी-बारावीला बाहेरून बसायचं. त्याशिवाय केंद्राची 1989 पासूनची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे.

तात्यांची खरी काळजी इथंच होती. ताई आणि जावई दोन-तीन वर्षांत पुण्याला परत यायचं म्हणतायत. "मग ह्या पोराला दाखला कोण देणार?"

याचं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला नाही एवढ्या कारणावरनं सरकारी किंवा अनुदानित शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही. मागं पडला असेल तर विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. नववीपासून पुढं मात्र कागद लागतात. त्यामुळं घरी शिकवणाऱ्यानं वर्षवार काय शिकवलं, कुठल्या चाचण्या दिल्या, गुण काय, याची फाईल ठेवलीच पाहिजे.

नातेवाईक तिकडं असतील तर एवढं विचारा

- तुमच्या राज्यात घरी शिकणाऱ्याला पैसे मिळतात का, की फक्त खासगी शाळेला?
- करारावर सही केल्यावर सरकारी शाळेचा कुठला हक्क सुटतो? मूल अपंग असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा.
- संच मागवण्याआधी तो मंजूर यादीत आहे का? नसेल तर आधी मंजुरी, मग खरेदी.
- पावत्या, अभ्यासक्रमाची पानं, मुलाच्या वह्या जपून ठेवता का?
- वार्षिक चाचणी सक्तीची आहे का? नसली तरी एक द्या. परत यायचं झालं तर तोच कागद कामाला येतो.
- घरात रोज चार तास बसून शिकवणारं माणूस आहे का? नसेल तर संच कपाटातच राहील.

परवा तात्यांना पुन्हा फोन जोडून दिला. पोरानं आजोबांना अपूर्णांकाचं गणित करून दाखवलं. मग पहिलीच्या मराठी पुस्तकातलं एक पान अडखळत वाचलं. ते पुस्तक ताईनं बालभारतीच्या साइटवरनं उतरवून छापून घेतलंय. त्याचं बिल काही चढवता येत नाही, कारण ते फुकट आहे.

तात्या खूश झाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पर तिथली शाळा चालू ऱ्हाईल न्हवं? उद्या ह्याला परत जायचं म्हणलं तर?"

त्याच वाटेनं घरी येताना आमच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा लागते. पट 17. गेल्या वर्षी 23 होता. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढं आला तेव्हापासून इथल्या पालकांना धास्ती आहे. सहा पोरं पिवळ्या बसमधनं इंग्रजी शाळेला गेली, त्यांच्या आई-बापाला कुणी नावं ठेवू नयेत. आपल्या पोराचं चांगलं बघणं हा काही गुन्हा नाही. राहिलेल्या 17 जणांत एक माझा पुतण्या आहे. त्याच्या शाळेला दुसरे गुरुजी राहणार की नाही, ते यंदाच्या पटावर ठरणार आहे.